आधी वायर काढा

घरच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी घुसलंय अशी शंका आली की पहिलं काम इंटरनेट तोडण्याचं. मागची वायर काढा, वायफाय असेल तर राऊटर बंद करा. अँटिव्हायरस, कॉम्प्युटरवाला, पोलीस हे सगळं त्यानंतर. घुसलेला माणूस त्या वायरीतून आलेला असतो. ती निघाली की त्याला पुढचं काही नेता येत नाही, नवं काही पाठवताही येत नाही. डोळ्यांदेखत फायलींची नावं बदलताना दिसली तर तेवढंही थांबू नका, सरळ वीज बंद करा. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. फायली लॉक करणारा प्रोग्राम मिनिटभरात शेकडो फायलींचा निकाल लावतो.

०

सगळीच भीती खरी नसते. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत 5 व्हायरस’ अशी चौकट सारखी उगवत असेल, तर ते बहुधा हॅकिंग नसतं. क्रिकेटचा सामना फुकट पाहताना एखाद्या साइटने ‘अलाउ’ दाबायला लावलेलं असतं आणि ब्राउझर तिच्या जाहिराती दाखवत बसतो. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडायची, अनोळखी नावं काढून टाकायची. पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारी, ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ म्हणणारी खिडकीही खोटी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

त्या नंबरवर फोन लावला की मात्र खरा धोका सुरू होतो. समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो आणि आपला पडदा त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइन कापली जाईल’ हा मेसेजही त्याच जातीचा. महावितरणने वारंवार खुलासे केले, तरी भर उन्हाळ्यात कूलर बंद पडायच्या धास्तीने माणसं तो नंबर फिरवतात. अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात ही धास्ती किती खरी असते, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

खरी लक्षणं वेगळी. अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो आणि चालू होत नाही. लॉगिनच्या पडद्यावर न बनवलेला युजर दिसतो. न मागता ओटीपी येतात. आपण न पाठवलेल्या मेलला लोक उत्तरं देतात. यातलं एक जरी दिसलं तरी वायर काढा.

०

दुसरं काम कॉम्प्युटरचं नाही, ईमेलचं. आणि ते त्या कॉम्प्युटरवरून करायचं नाही. हे दोनदा सांगावं लागतं, कारण घाबरलेला माणूस त्याच कीबोर्डवर बसून नवा पासवर्ड टाकतो आणि तोही चोराला आयता मिळतो.

आपल्याकडे एका घरात बऱ्याचदा एकच जीमेल असतं. मुलीचा सीईटीचा फॉर्म त्यावर, वडिलांचं डीमॅट त्यावर, पीकविम्याचा अर्ज त्यावर, आणि बँकेचा ‘पासवर्ड विसरलात का’चा दुवाही त्यावरच येतो. म्हणून स्वच्छ फोनवरून किंवा शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून सगळ्यात आधी त्याचा पासवर्ड बदला. मग ‘तुमची डिव्हाइस’ या यादीत जाऊन अनोळखी यंत्रं साइन आउट करा. त्यानंतर तीन जागा तपासा, ज्या फार थोडे लोक तपासतात: रिकव्हरीचा फोन नंबर आपलाच आहे का, मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतायत का, आणि फिल्टर. चोर पुष्कळदा असा फिल्टर लावून जातो की बँकेचा मेल आला की थेट कचऱ्यात. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तिथेच राहतो.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सगळेच्या सगळे गेले असं धरून चाला. चोरीचे प्रोग्राम आधी तीच पेटी उघडतात. सोबत ते कुकीही नेतात. म्हणजे पासवर्ड न टाकताच ते तुमच्या चालू लॉगिनमध्ये बसू शकतात. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जुनी लॉगिन तोडावी लागतात.

०

पैसे गेले असतील तर 1930. हा केंद्राच्या गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा नंबर आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असते. मधल्या एखाद्या खात्यात ती अडवता येते, पण त्यासाठी फोन लवकर जायला हवा. आधी बँकेला की आधी 1930 असा घोळ घालू नका. घरात दोन माणसं असतील तर दोन्हीकडे एकदम लावा. मग सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार, आणि तिचा नंबर जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम घरी लिहून ठेवण्यासारखा आहे. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, अशा बाहेरच्या घुसखोरीची खबर 3 कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत दिली तर ठरलेल्या मर्यादेइतका. ओटीपी आपणच दिला असेल, तरी खबर दिल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. पुष्कळ लोक ‘आता काय मिळते बाप्पा’ म्हणून आठवडाभर गप्प बसतात आणि हक्काचे दिवस घालवतात.

०

अकोल्यात जठारपेठेत मामेभावाच्या घरचा कॉम्प्युटर. वहिनी शिकवण्या घेतात, त्यांच्या प्रश्नपत्रिका त्यात. भावाच्या कृषी केंद्राची उधारीची खाती त्यात. थोरल्याच्या लग्नाचे व्हिडिओही त्यातच. धाकट्याने व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून उतरवलं. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला.

‘दादा, माह्या फाईली उघडूनच नाई रायल्या,’ वहिनींचा फोन आला. अमरावतीहून जाऊन पाहिलं तर प्रत्येक फाईलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘_रीडमी’ नावाची एक मजकूर-फाईल. तिच्यात 980 डॉलरची मागणी, 72 तासांत दिले तर निम्मे, 490. ही ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाची रॅन्समवेअरची जात. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ती सहसा जात नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर उतरवणारी साधी घरं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने तिच्या 148 प्रकारांवर मोफत उतारा काढला. त्यानंतरच्या प्रकारांत मेख अशी, की व्हायरसला त्याच्या मालकाचा सर्व्हर सापडला असेल तर प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी बनते आणि ती आपल्याला मिळत नाही. सर्व्हर सापडला नसेल तर एकच ठरलेली किल्ली वापरली जाते. रीडमीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी1’ असेल तर ही दुसरी गत, मग आशा ठेवायला जागा असते. वहिनींच्या आयडीच्या शेवटी टी1 नव्हतं.

पण या जातीला घाई फार असते. ती पूर्ण फाईल लॉक करत नाही, सुरुवातीचे साधारण 150 केबी तेवढे बिघडवते. प्रश्नपत्रिकेची फाईल असते 40 केबीची, ती संपूर्ण जाते. लग्नाचा व्हिडिओ मात्र दोन-दोन जीबीचा, त्याचं डोकं तेवढं गेलेलं, धड शाबूत. व्हिडिओ दुरुस्त करायला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाईल नमुन्याला लागते. लग्न ज्याने शूट केलं त्या फोटोग्राफरला विचारलं, त्याने दुसऱ्या एका लग्नातली छोटी क्लिप दिली. तिचा नमुना दाखवून मोफत साधनाने व्हिडिओ जोडत गेलो. पहिली काही सेकंदं नाहीत, बाकी वरात, सप्तपदी, सगळं चालतं. उधारीची खाती भावाने वह्यांवरून पुन्हा भरली. प्रश्नपत्रिका गेल्या त्या गेल्याच.

पैसे भरायचे नाहीत, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. पैसे भरून किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि ते पैसे पुढच्या घरावरच्या हल्ल्याला लागतात. लॉक झालेल्या फायली मात्र फेकू नका. एका जुन्या डिस्कवर काढून ठेवा. ‘नो मोअर रॅन्सम’ या नावाने नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांनी 2016 पासून मोफत उताऱ्यांचा साठा चालवलाय. आज नसलेली किल्ली पुढे निघाल्याची उदाहरणं आहेत.

आणखी एक. ही जात सोबत पासवर्डचोरही घेऊन येते. फायलींच्या दुःखात घरातलं कुणीच बँकेचा पासवर्ड बदलत नाही.

०

‘साफ करून द्या, फॉरमॅट नका मारू’ ही विनंती प्रत्येक घरात होते. ती मानू नये. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातला कापूस खाल्ला तेव्हा कृषी विद्यापीठाने एकच गोष्ट घसा फोडून सांगितली: फरदड (त्याच झाडांचं दुसरं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी उपटा, शेत मोकळं ठेवा. जुन्या पऱ्हाटीवर राहिलेली अळी पुढच्या वर्षी पुन्हा येते. घुसखोरी झालेल्या विंडोजचं तसंच आहे. अँटिव्हायरसने दहा फायली पकडल्या, अकरावी राहिली का हे सांगणारं कुणी नाही.

तेव्हा विंडोज नव्याने टाकायचं. त्याचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच बनवायचा. बाजारातल्या ‘ऑल इन वन’ पेनड्राइव्हवर विंडोज असतं आणि त्यासोबत काय असतं ते कळायला मार्ग नसतो. कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ तेवढे बाहेर काढा. सेटअपच्या फायली, गेम, क्रॅक यातलं काही परत आणू नका. टाकताना जुने सगळे भाग पुसा, डी ड्राइव्हसकट. ‘डी मध्ये काही नसते’ हा समज आपल्या भागात फार पक्का आहे. कॉम्प्युटरवर मूळचं अस्सल विंडोज असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. नेट जोडलं की आपोआप चालू होतो, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने बंद असू शकते. तिची 48 अंकी किल्ली आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या, नाहीतर बाहेर काढायच्या फोटोंनाही हात लागणार नाही. आणि डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घेऊनच बसा, मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

०

मराठी घरांसाठी एक खास टीप, जी इंग्रजी मार्गदर्शनात कधी सापडणार नाही. फॉरमॅट मारण्याआधी फॉन्ट काढून ठेवा. वडिलांनी श्रीलिपीत टाइप केलेला कुळवृत्तांत, कृतिदेवमधले ग्रामपंचायतीचे अर्ज, आयएसएमच्या सुरेखमधली आजीची ओव्यांची वही, हे सगळं युनिकोडच्या आधीचं. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीची आणि त्यांना देवनागरीचं रूप देणारा फॉन्ट, अशी ती रचना. फॉन्ट गेला की फाईल शाबूत असूनही पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते, आणि घरचे समजतात व्हायरसने खाल्ली. मी दोन घरांत अशा ‘मेलेल्या’ फायली नुसता फॉन्ट टाकून जिवंत झालेल्या पाहिल्यात. विंडोज फोल्डरमधला फॉन्टचा पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नंतर सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्याची मोफत साधनं आहेत.

०

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह. उघडला तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण. विद्यापीठाच्या परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत हे हमखास दिसतं. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं की व्हायरस घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरतो. तो क्लिक करायचा नाही, बस. कमांडच्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची एक ओळ चालवली की लपलेलं बाहेर येतं, हव्या त्या फायली घ्यायच्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा. दुकानात नेताना एकच पीडीएफ असलेला वेगळा पेनड्राइव्ह न्यावा. घरचा साठा त्यात नको.

०

अँटिव्हायरसचा मराठी माणसाला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत म्हणून त्यांचा धाकटा भाऊ संजय याने त्यावर प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. एका दुरुस्तीच्या दुकानाने गिऱ्हाइकाचं दुखणं ओळखून केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. आज विंडोजमध्येच डिफेंडर येतो आणि साध्या घराला तोही पुरतो. पण मालकानेच बंद केलेला कुठलाच अँटिव्हायरस काम करत नाही.

०

घुसणारा फक्त नेतो असं नाही, तो ठेवूनही जाऊ शकतो. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दल आणि मग नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दल अमेरिकेतल्या अर्सेनल कन्सल्टिंगने 2021 मध्ये अहवाल दिले. नेटवायर हा बाहेरून ताबा घेणारा प्रोग्राम ईमेलमधून शिरला आणि त्याच्या आधारे कागदपत्रं आत ठेवली गेली, असा त्यांचा निष्कर्ष. तपास यंत्रणेला तो मान्य नाही आणि निवाडा न्यायालयाचा आहे. पण ईमेलमधून शिरलेल्या प्रोग्रामने काय काय करता येतं, हे त्या निमित्ताने आपल्या भागातल्या वकील, पत्रकार, कार्यकर्त्यांना पहिल्यांदा कळलं. प्रकरण गंभीर असेल, पोलिसांत जायचं असेल, तर जुनी डिस्क पुसू नका. काढून पाकिटात ठेवा, तारीख घाला, आणि नव्या डिस्कवर विंडोज टाका. पुसलेल्या डिस्कवरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

०

राऊटर सगळे विसरतात. केबलवाला लावून जातो, त्याचा आतला पासवर्ड ‘ॲडमिन’ तो ‘ॲडमिन’च राहतो. नवं विंडोज टाकण्याआधी राऊटर रीसेट करा, आतला आणि वायफायचा असे दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडण्याची सोय बंद करा. रीसेटनंतर लाइन चालू करायला कंपनीचा युजर-पासवर्ड लागतो. तो आधी फोन करून मागून घ्या.

०

‘मी तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, पैसे पाठवा’ असा मेल येतो आणि त्यात तुमचा खराच एखादा जुना पासवर्ड लिहिलेला असतो. अंगावर काटा येतो. बहुतेक वेळा तो पासवर्ड कुठल्यातरी साइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो आणि चित्रण वगैरे काही नसतं. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदला, मेलला उत्तर देऊ नका. मुलीचे खरेच फोटो कुणाकडे गेले असतील तर मात्र गप्प बसणं सगळ्यात वाईट. महिला आणि मुलांच्या बाबतीतली अशी तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही करता येते. आईबापांनी त्या वेळी मुलीवर ओरडू नये. धमकी देणाऱ्याची सगळी भिस्त त्या ओरडण्यावरच असते.

०

नंतरचं रोजचं वळण. घरात सगळ्यांनी ॲडमिन खात्यावर बसू नये. मुलांना साधं युजर खातं द्या, क्रॅक टाकायला गेले की पासवर्ड मागेल. ईमेलला आणि बँकेला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. अपडेट टाळू नका: 12 मे 2017 ला वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच देऊन ठेवला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता ते अडकले.

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आपल्याकडच्या घरांत जुनी यंत्रं पुष्कळ आहेत, त्यांतली बरीच विंडोज 11 घेत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या योजनेत नाव नोंदवलं तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यापुढे त्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकावी. मराठी टायपिंग, ब्राउझर, हिशेब, सगळं त्यात होतं.

बॅकअपचं एवढंच: बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्कही लॉक होते. मार्च 2021 मध्ये खुद्द एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर पडलं आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं काम अडलं. आपलं घर कुणाच्या नजरेत येणार नाही या भरवशावर राहू नका. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाईल उघडूनही पाहा.

०

शेवटी एक मागणी. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी, अकोल्याचं बाभुळगावचं महाविद्यालय, या प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटरची मुलं शिकतात. रक्तदानाची शिबिरं ही महाविद्यालयं नेटाने घेऊ शकतात, तर महिन्यातला एक रविवार गावातल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी ठेवता येईल. अस्सल विंडोजचा स्वच्छ पेनड्राइव्ह, फॉन्ट काढून देणारं एक टेबल, 1930 ला फोन लावून देणारं एक टेबल. मुलांना शिकायला मिळेल आणि जठारपेठेतल्या वहिनींना पुढच्या वेळी अमरावतीहून कुणी यायची वाट पाहावी लागणार नाही. प्राचार्यांनी येत्या सत्रापासून हे सुरू करावं.